निळा माशीमार आणि दोघांच्या सह्या

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. किनवटकडच्या डोंगरातलं टेंभुरदरा, तिथल्या विश्रामगृहाचं अंगण. चार मोठी माणसं माना वर करून मोहाच्या झाडाच्या एका वाळक्या फांदीकडं बघत उभी. फांदीच्या टोकावर काही नाही. चहा गार होऊन राहिलाय.

नांदेडात बातमीदारी करता करता माझे केस पांढरे झाले. सभा, मोर्चे, उपोषणं, चौकशी समित्या सगळं झालं. किस्से तिथं गोळा व्हायला पाहिजे होते, आणि झालेही. पण त्यातले निम्मे छापता येत नाहीत आणि उरलेले निम्मे लोकांना आधीच माहीत असतात! सांगण्यासारखे जे साचले ते ह्या रविवारच्या टोळीतले. किस्से घरातल्या सुतळ्यांसारखे साचतात. कुणी मुद्दाम जमवत नाही. एक ओढायला जावं तर गुंता हातात येतो.

टोळी चौघांची. स्वामी सर, मूळ शिरूर अनंतपाळचे, विज्ञानाचे शिक्षक, रिटायर झाल्यावर लातूरला राहतात. शोभाताई, उमरीच्या एका शाळेत क्लार्क. जब्बारभाई, नांदेडचे, पूर्वी रिक्षा चालवायचे, आता स्वतःची जीप आहे. आणि मी. हिवाळ्यात महिन्यातून एकदा शनिवारी दुपारी निघायचं, वाटेत भोकरला शोभाताईंना घ्यायचं, रविवारी सकाळी पाखरं बघायची, संध्याकाळपर्यंत परत. पाचवे म्हणजे विश्रामगृहाचे चौकीदार मारोती मडावी. पण ते आमच्या टोळीत नाहीत, असं ते स्वतः सांगतात. "तुमी येता, मी हितंच राहतो. मंग टोळी तुमची."

*

स्वामी सरांची आणि माझी ओळख भांडणातून झाली.

आमच्या पेपरात पान तीनवर एका पाखराचा फोटो आला होता. वर हेडिंग: 'हिमालयातील दुर्मिळ पाहुणा नांदेडात!' हेडिंग मीच दिलं होतं. दोन दिवसांनी भर दुपारी एक उंच, वाळलेले गृहस्थ माझ्या टेबलापुढं उभे राहिले. गळ्यात दोन दोऱ्या. एक इष्टलिंगाची, शर्टाच्या आत गेलेली. दुसरी दुर्बिणीची, बाहेर.

"हा हिमालयातला नाही," ते पेपर टेबलावर ठेवत म्हणाले. "हा दयाळ. तुमच्या मागच्या भिंतीवर आत्ता एक बसलाय. येताना पाहिला मी."

"बरं मग?"

"दुरुस्ती छापा."

मी तेव्हा तोऱ्यात होतो. भल्याभल्यांच्या खुलाशांना मी केराची टोपली दाखवली होती. म्हणालो, "सर, पुढारी खुलासा पाठवतो, वकील नोटीस पाठवतो. हे पाखरू काय कोर्टात जाणार हाय का?"

"नाही ना जाणार," सर म्हणाले. "म्हणून तर मी लातूरहून आलो."

दुरुस्ती छापली. तीन ओळींची. कुणीही नोटीस न पाठवता मी छापलेली माझ्या नोकरीतली ती पहिली दुरुस्ती! सरांनी तिचं कात्रण वहीत चिकटवलं आणि मला पत्र पाठवलं: 'खरा हिमालयातला पाहायचा असेल तर कार्तिक संपता संपता माझ्याबरोबर चला.'

गेलो. तेव्हापासून जातोच आहे.

*

खरा हिमालयातला म्हणजे निळा माशीमार. पुस्तकात त्याला लांबलचक नाव आहे, आम्ही एवढंच म्हणतो. चिमणीएवढा. अंगभर निळा, त्यात किंचित हिरवी झाक. चोच आणि डोळा यांच्यामध्ये काळा ठिपका, तीट लावल्यासारखा. उन्हाळ्यात तो तिकडं वरच्या डोंगरांतल्या जंगलात घरटं करतो, गातो, पिलं वाढवतो. थंडी पडली की खाली उतरतो. ह्या उतरणीच्या वाटेत टेंभुरदऱ्याचं मोहाचं झाड काहून आलं, ते त्यालाच ठाऊक.

सरांना तो पहिल्यांदा दिसला तेव्हा ते एकटेच होते. आणि सरांच्या वहीचा एक नियम आहे, तो आमच्या टोळीचाही झाला. पाखरू दोघांनी पाहिलं तरच वहीत नोंद, आणि नोंदीखाली दोघांच्या सह्या. एकट्यानं पाहिलं तर ते मनात ठेवायचं. "एकट्याला काय वाट्टेल ते दिसतं," सर म्हणतात. हा नियम आमच्या धंद्यात आणला तर उद्यापासून पेपर दोन पानी निघेल!

तर सर एकटे, आणि फांदीवर निळा माशीमार. नोंद करता येईना. सरांनी मुक्काम वाढवला. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. डोंगरात दुसरं कुणी फिरकेना. तिसऱ्या दिवशी चहा घेऊन आलेल्या चौकीदाराचं मनगट सरांनी पकडलं. "मडावी, तिथं बघा. वाळक्या फांदीचं टोक. काय दिसतंय?"

मडावींनी बघितलं. "हा निळा व्हय? हा तं दरसाली येतो की."

"दरसाली? मग तीन दिवस मी इथं मान मोडून बसलोय, सांगितलं काहून न्हाई?"

"तुमी इचारलंच न्हाई, सर."

वहीतल्या त्या नोंदीखाली दोन सह्या आहेत. एक स्वामी सरांची, एक मारोती मडावींची. मडावींनी सहीपुढं तारीख घातली, आणि तारखेपुढं, कुणी न सांगता, लिहिलं: 'दरसाली'.

*

ह्या पक्ष्याची मुख्य सवय म्हणजे जागा न सोडणं. मोहाच्या झाडाला डझनभर फांद्या, पण हा बसणार त्याच वाळक्या फांदीवर, तिच्याही टोकाला. ताठ बसतो. माशी दिसली की सुटतो, हवेतच धरतो, गिरकी घेतो आणि परत त्याच टोकावर. शोभाताईंनी एकदा घड्याळ लावून त्याच्या फेऱ्या मोजल्या. मोजता मोजता त्या थकल्या, तो काही थकला नाही.

सर आम्हाला समजावत होते. उघड्यावरची जागा लागते, समोर मोकळं लागतं, पानं मध्ये येऊन चालत नाहीत, म्हणून वाळकी फांदी. जब्बारभाई पहिल्यांदाच आले होते. जीपला टेकून ऐकत होते.

"सर, माफ करा, पण हे मला समजवू नका," ते म्हणाले. "पंचवीस साल मी स्टेशनसमोर रिक्षा लावली. सवारी भेटली की सुटायचं, सोडून आलं की परत आपल्याच नंबरवर. दुसरा कुणी आपल्या नंबरवर घुसला तर?"

"तर काय?" शोभाताईंनी विचारलं.

तेवढ्यात एक कोतवाल त्या फांदीवर येऊन बसला. कोतवाल म्हणजे काळा, दुभंगल्या शेपटीचा, भांडखोर. निळ्याच्या दुप्पट मोठा. निळा हवेत होता. परत आला, जागा गेलेली. तो बाजूच्या फांदीवर नाही बसला. त्या कोतवालाच्या डोक्यावरून तीन-चार घिरट्या घातल्या, कोतवाल वैतागून उडाला, आणि निळा पुन्हा टोकावर.

"हौ!" जब्बारभाई ओरडले. "बघा! युनियनचा माणूस हाय!"

त्या दिवसापासून जब्बारभाईंनी आमच्याकडून जीपचं भाडं घेतलं नाही. फक्त डिझेल.

*

निळा इथं गात नाही. गाणं तिकडं वर, घरटं करायच्या दिवसांत. इथं फार तर बारीक चिकचिक. सरांना ह्या एकाच गोष्टीची रुखरुख होती. इतके हिवाळे पाहिला, पण गाणं ऐकलं नाही. शोभाताईंनी एकदा मोबाइलवर त्याचं रेकॉर्ड केलेलं गाणं लावायला काढलं, तर सर वर्गात ओरडावं तसे ओरडले. "बंद करा! त्याला वाटेल दुसरा नर आलाय. दोन दिवस उपाशी राहून शोधत बसेल. असल्या नसत्या कागाळ्या पाखराला सांगायच्या नाहीत!"

शोभाताईंनी बंद केलं. पण जब्बारभाईंना ते गाणं आवडलं होतं.

पुढच्या खेपेला सकाळी सर विहिरीच्या कठड्याला पाठ लावून उभे. निळा टोकावर. सगळं शांत. आणि एकदम गाणं! बारीक, भरभर, वरून खाली उतरत येणारं. सरांनी हात वर केला. कुणी हलू नये म्हणून. पाच-सहा सेकंद, मग बंद.

"गायला!" सर कुजबुजले. "शोभा, ऐकलंस?"

"हाव सर, ऐकलं!"

दोघांनी ऐकलं. नियम पुरा झाला. सरांनी नोंद केली, दोघांनी सह्या केल्या. सर डोळे पुसत होते. मी सुद्धा मनातल्या मनात हेडिंग जुळवायला लागलो होतो.

तेवढ्यात पुन्हा गाणं. ह्या वेळी जीपमधून. पाठोपाठ जब्बारभाईंचा आवाज: "हां बोलो बेगम, जंगल में हूँ, बाद में करता हूँ."

तिकडं माणसांचे चेहरे पडले, इकडं निळा मान तिरकी करून जीपकडं बघत होता.

सरांनी पट्टी काढली आणि नोंदीवर लाल रेघ मारली. त्या वहीत खोडलेली ती एकच नोंद. "खोडताना फाडायचं नसतं," ते शोभाताईंना म्हणाले. "चूक काय झाली ते दिसत राहिलं पाहिजे."

*

आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचा मुक्काम एकदा विश्रामगृहात पडला. नाव सांगत नाही. सांगितलं तर त्यांनाच आनंद होईल. सकाळी अंगणात गाड्या इतक्या की आमच्या जीपला उभं राहायला जागा नाही. पुढारी बाहेर आले, आम्हाला बघितलं, म्हणाले, "काय बघून राहिले?"

सरांनी दुर्बीण दिली, फांदी दाखवली. साहेबांनी बघितलं.

"एवढासाच?"

"एवढासाच."

"ह्याच्यासाठी तुमी लातूरहून येता? अहो, निदान मोर तरी!"

"मत पण एवढंसंच असतं, साहेब," सर म्हणाले. "बटण दाबलं की झालं. तरी तुम्ही किती लांबून येता."

मागची माणसं हसावं की नाही ह्या विचारात साहेबांच्या तोंडाकडं बघायला लागली. साहेब हसले, मग सगळे हसले. साहेब खूश झाले, हेच वाईट झालं. जाताना म्हणाले, "गुरुजी, इथं पॉइंट करू! मनोरा करू, बोर्ड लावू. लोक आले पाहिजेत!"

गाड्या गेल्यावर धूळ बसायला वेळ लागला. निळा निघून गेला होता. मडावी रिकाम्या बाटल्या गोळा करत होते. "सर, पाइंट म्हंजे काय करतेत?"

"काही करत नाहीत," मी म्हणालो. "तीस वर्षं ऐकतोय मी. बोलतेत अन् जातेत."

आयुष्यभर पुढाऱ्यांना खोटं पाडलं. नेमका ह्याच बाबतीत मी चुकावं!

*

सरांचे डोळे बिघडलेत, हे आम्हाला चहामुळं कळलं. ते किटलीतून चहा ओतत होते आणि चहा कपाच्या बाहेर, बशीच्याही बाहेर, शोभाताईंच्या हातातल्या वहीवर. "कपाची कड दिसली नाही," एवढंच म्हणाले. काचबिंदू. बाजूचं दिसणं कमी होत गेलेलं, मधलं तेवढं शिल्लक. नळीतून बघितल्यासारखं.

उदगीरच्या डॉक्टरकडं मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. सर म्हणाले, "अक्षरांचं सोडा. ती मी पाठ करूनच सांगेन. मोहाच्या फांदीच्या टोकावर चिमणीएवढं निळं दिसेल का, ते सांगा."

डॉक्टर तरुण होते, गोंधळले. "किती लांबून?"

"विहिरीच्या कठड्यापासून."

डॉक्टरांना विहीर कुठली ते कळलं नाही, पण माणूस कळला असावा. म्हणाले, "औषध नियमित घातलंत तर येत्या हिवाळ्यात दिसेल, सर. त्यापुढचं मी लिहून देणार नाही."

परत येताना एसटीत सर खिडकीशी बसले होते. मला म्हणाले, "बातमीदार, मला तो शोधावा लागत नाही. आधी खोड सापडतं. खोडावरून दुबेळक्यापर्यंत जायचं, दोन फांद्या फुटतात तिथवर. दुबेळक्यातून उजवी फांदी. फांदीवरून टोक. पाढ्यासारखं पाठ आहे. टोक सापडलं की तो असतोच तिथं. नळीतून बघायला ते पुरतं."

मग म्हणाले, "एक हिवाळा. वाईट नाही."

*

त्याच उन्हाळ्यात कळलं, पॉइंट खरंच होणार. मंजुरी आली होती. सर घाईघाईनं नांदेडला आले, हातात अर्ज. दोन पानी, स्वतःच्या अक्षरातला, ओळी वर-खाली गेलेल्या.

"हा टाइप करून संबंधित कार्यालयात द्यायचा," ते म्हणाले. "बघ बरं, बरोबर आहे का."

पहिल्या पानावर पक्षी होता. कुठून येतो, कधी येतो, कसा बसतो, माशी कशी धरतो, त्याला समोर मोकळी जागा का लागते. दुसरं पान खोडाच्या घेरापासून सुरू होत होतं. सालीचा रंग, दुबेळक्याची उंची. मी वरवर नजर फिरवली. वनस्पतिशास्त्राचा तास वाटला.

आता ह्यात धंद्याची एक गोष्ट आहे. बातमी लिहिताना महत्त्वाचं सगळं वर घालायचं असतं. जागा कमी पडली की उपसंपादक खालून कापतो. आम्ही सगळे खालून कापतच म्हातारे झालो. आणि शिक्षक लिहितात ते उलटं. आधी निरीक्षण, मग अनुमान, आणि निष्कर्ष सगळ्यात शेवटी. हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या दिवशी सुचलं नाही.

"सर," मी म्हणालो, "कार्यालयात कुणी दुसरं पान उलटत नाही. अर्ज एकपानी पाहिजे. माझ्यावर सोडा."

"तुझ्यावर सोडतो," सर म्हणाले आणि लातूरच्या गाडीला गेले.

मी कागद शोभाताईंना दिले. त्यांनी टाइप करायला घेतलं. फोन केला, "दादा, दुसरं पान?"

"राहू द्या, ताई."

"त्यात खाली झाडाचं लिहिलंय, तोडू नये म्हणून."

मी त्या वेळी एका पत्रकार परिषदेत होतो. म्हणालो, "पक्षी दाखवायचा म्हणजे झाड ठेवणारच की! एवढं काय सांगायला लागतं त्यांना?"

पुढच्या आठवड्यात सर सहीला शोभाताईंच्या शाळेत आले, मीही गेलो. कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. "टाइपचं बारीक आहे. वाचून दाखवतोस का?"

"सर, तुमचंच आहे," मी म्हणालो. "फक्त आवरलंय."

सरांनी सही केली. शोभाताई स्टॅम्पच्या डबीचं झाकण लावत होत्या. ते बराच वेळ लागेना.

*

कार्तिक संपला. नेहमीसारखे निघणार, त्याच्या आदल्या दिवशी मडावींचा सरांना फोन. "सर, आवंदा येऊ नका."

"काहून?"

"थंडी लई हाय."

मडावींनी थंडीची तक्रार केलेली कुणी ऐकलेली नव्हती. आम्ही निघालो.

अंगणात लोखंडी मनोरा उभा होता. हिरवा रंग, वर पत्रा, चढायला जिना. बाजूला बोर्ड: 'निळा माशीमार दर्शन स्थळ'. खाली भलामोठा रंगीत फोटो. खंड्याचा! तळ्याकाठी मासे धरतो तो खंड्या. चोच ही एवढी!

जब्बारभाई बोर्डाकडं बघत म्हणाले, "साब, हे पण तुमच्याच पेपरनं छापलं काय?" दुसरा कुठलाही दिवस असता तर आम्ही पोट धरून हसलो असतो.

मोहाचं झाड नव्हतं. मनोऱ्यापुढं जमिनीलगत कापलेला बुंधा होता, तिघं आरामात बसतील एवढा. काप अजून ओला दिसत होता.

"कुणी तोडलं?" मी विचारलं. हा माझा आयुष्यभराचा प्रश्न. 'जबाबदार कोण?' हे हेडिंग मी इतक्यांदा वापरलं की ऑफिसात मला त्याच नावानं हाक मारायचे.

"माणसं आली," मडावी म्हणाले. "मशीन आणली. मी म्हनलं, ह्याची फुलं माझ्या आज्यानं येचली, ह्याला हात लावू नका. तं कागद दाखिवला. म्हनले, समोरचं मोकळं करायचं हाय, तुमच्या सरांनीच लिहून देलंय."

सर विहिरीकडं चालत गेले. नेहमीच्या जागी कठड्याला पाठ लावली. मान नेहमीइतकीच वर केली. सात वाजले. सात वाजून पाच.

सात-दहाला निळा आला.

मनोऱ्याच्या लोखंडी कठड्याच्या कोपऱ्यावर बसला. सुटला, माशी धरली, परत त्याच कोपऱ्यावर. "आला, सर!" शोभाताई म्हणाल्या.

"कुठं?"

"मनोऱ्यावर. डाव्या कोपऱ्यात."

सर मान फिरवत राहिले. डावीकडं, वर, खाली. नळीत आभाळ येत होतं, पत्रा येत होता, पुन्हा आभाळ. जब्बारभाईंनी मागून त्यांचं डोकं दोन्ही हातांनी हळूच धरून वळवलं. तेवढ्यात निळा सुटला. परत येऊन बसला तोवर सर दुसरीकडं बघत होते. असं किती वेळा झालं ते शोभाताईंनी ह्या खेपेला मोजलं नाही.

"राहू द्या, जब्बारभाई," सर शेवटी म्हणाले. "तुम्ही दोघांनी पाहिला ना? लिहा."

शोभाताईंनी वही उघडली. तारीख घातली. 'जागा' ह्या रकान्यात इतकी वर्षं एकच ओळ होती: मोह, उजवी वाळकी फांदी, टोक. त्या पेन धरून बसून राहिल्या.

*

मी गप्प बसणाऱ्यातला नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. झाड कुणाच्या आदेशानं तोडलं? आदेशावर सही कुणाची? बोर्डावरचा फोटो कुणी मंजूर केला? अपील केलं. पुन्हा अपील केलं. वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या, दोन-दोन सह्यांच्या. एका टेबलावर तर मी मुठी आपटल्या.

उत्तर आलं तेव्हा पळस फुलून गेला होता आणि निळा परतायच्या बेतात होता. म्हणून पाकीट फोडलं नाही, तसंच टेंभुरदऱ्याला घेऊन गेलो. म्हटलं, सरांच्या समोर फोडू. मी जिंकलोय अशी माझी खात्री होती.

सर, शोभाताई आणि मी बुंध्यावर बसलो. जब्बारभाई जीपला टेकून. मडावी चहा घेऊन आले आणि तिथंच थांबले.

"वाच," सर म्हणाले. "मोठ्यानं."

मी वाचायला लागलो. मुद्दा एक: 'सदर ठिकाणी मोहाचे झाड अस्तित्वात असल्याची नोंद ह्या कार्यालयात उपलब्ध नाही.'

जब्बारभाईंनी आम्ही बसलो होतो त्या बुंध्याकडं बघितलं. "मग तुम्ही तिघं कशावर बसलात?"

मुद्दा दोन. मी वाचायला सुरुवात केली आणि आवाज बारीक झाला. 'आपल्या मूळ अर्जात कोणत्याही झाडाचा अथवा फांदीचा उल्लेख आढळून येत नाही. पक्षी स्पष्ट दिसण्यासाठी समोरील जागा मोकळी असावी, असे अर्जात नमूद असून त्यानुसार कार्यवाही करण्यात आली आहे. अर्जाची छायांकित प्रत सोबत जोडली आहे.'

प्रत जोडलेली होती. एक पान. खाली सरांची सही.

सरांनी हात पुढं केला. मी तो कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, मग पालथा केला आणि मागची कोरी बाजू बोटांनी चाचपली.

"दुसऱ्या पानावर होतं," ते म्हणाले. "मी लिहिलं होतं. शेवटी लिहिलं होतं."

मडावींच्या हातात ट्रे तसाच. शोभाताईंनी वही छातीशी धरलेली.

सरांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि वहीची नोंद करताना विचारतात त्याच आवाजात विचारलं, "ते दुसरं कुणी पाहिलं होतं का?"

बुंध्यावर त्यांच्या एका बाजूला शोभाताई होत्या, दुसऱ्या बाजूला मी. ते पान आम्ही दोघांनीही पाहिलं होतं; सही अजून कुणी केलेली नाही.